टॉकीजच्या जागेवर सुपरमार्केट येतंय, मग पेठेचं काय होणार?

आमच्या तालुक्याच्या गावातलं जुनं टॉकीज पाडलं त्याला तीन वर्षं झाली. पत्र्याच्या कुंपणाआड इतके दिवस नुसती झुडपं वाढत होती. आता तिथे तीन मजली सांगाडा उभा आहे आणि पुढे फलक लागलाय, ‘लवकरच येत आहोत’. खाली एका मोठ्या सुपरमार्केट साखळीचं नाव. साखळी म्हणजे एकाच कंपनीची, एकाच पद्धतीने चालणारी, गावोगावची दुकानं. कोणती साखळी ते सांगत नाही, कारण गावाचं आणि साखळीचं नाव बदललं तरी पुढची गोष्ट बदलत नाही.

फलक लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात व्यापारी संघाने अर्धा दिवस पेठ बंद ठेवली, नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं, आणि संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. एक बाजू म्हणते, ‘इतकी वर्षं छापील किमतीवर एक रुपया सोडला नाहीत, आता रडता कशाला?’ दुसरी म्हणते, ‘लॉकडाऊनमध्ये शटर अर्धं वर करून सामान कुणी दिलं?’ दोघांचंही खरं आहे. पण तोच साबण तिकडे स्वस्त कसा मिळतो, नुकसान होतं ते नेमकं कुणाचं, आणि यातलं नगरपरिषदेच्या हातात काय आहे, याचं उत्तर दोन्हीकडे नाही. निवेदनातही नव्हतं, म्हणून हा लेख.

## साबणाचा प्रवास

सुरुवात छापील किमतीपासून. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून ग्राहकाकडून घेता येणारी जास्तीत जास्त किंमत. त्यापेक्षा जास्त घेतली तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. कमी घेतली तर कुणी विचारत नाही. म्हणजे एमआरपी हे छत आहे. आपण मात्र त्यालाच फरशी समजून बसलो आहोत.

आता शंभर रुपये छापलेली साबणाची चौकडी घ्या. आकडे समजण्यापुरतेच आहेत. कंपनी ती तालुक्याच्या एजन्सीवाल्याला, म्हणजे वितरकाला, ८६ रुपयांना देते. त्याचा टेम्पो, गोडाऊन, वसुलीला फिरणारा पोरगा, हे सगळं त्याच्या चार रुपयांत भागतं. तो शेठना, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांना, ९० ला देतो. शेठ शंभरला विकतात, ओळखीच्याला ९८ ला. शेठच्या हातात दहा रुपये राहिले, त्यातून गाळ्याचं भाडं, लाइटबिल, नोकराचा पगार आणि बुडालेली उधारी.

साखळीच्या बाबतीत मधला एजन्सीवाला गळतो. कंपनीचा ट्रक थेट साखळीच्या गोदामात जातो. शिवाय साखळी एका गावासाठी नाही, शेकडो दुकानांसाठी एकदम भाव करते, आणि पैसे लवकर देत असेल तर त्याचीही वेगळी सूट मागते. समजा तिला ती चौकडी ८२ ला पडली. ९२ ला विकली तरी तिच्या हातात शेठइतकेच दहा रुपये राहिले. ग्राहकाला आठ रुपये सुटले आणि यात कुणीही कुणाला लुटलेलं नाही.

‘शेठ लुटत होते’ हा ग्रुपवरचा आरोप इथेच बाद होतो. शेठ महाग विकतात, कारण त्यांना माल महाग मिळतो.

## शेठ स्वतःच रांगेत

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मागच्या दिवाळीच्या आधी जिल्ह्याच्या गावी अशाच एका दुकानात बिलाच्या रांगेत उभा होतो. पुढे एक ओळखीची पाठ. आमच्या कोपऱ्यावरचे शेठ. ट्रॉलीत तेलाच्या पिशव्या, साखरेचे पुडे आणि एकाच कंपनीची कपडे धुण्याची पावडर. शेजारच्या रांगेत त्यांचा मुलगा, त्याच्या पलीकडे पुतण्या, तिघांच्या ट्रॉलीत तोच माल. ‘एका ग्राहकास इतकेच नग’ अशी पाटी वर टांगलेली होती, त्यावरचा हा तोडगा.

मी नजर चुकवायच्या बेतात होतो, पण शेठनीच हात केला. म्हणाले, ‘‘बघता काय? एजन्सीचा भाव आणि इथला फळीवरचा भाव, पेटीमागे पन्नास-साठचा फरक पडतो. गाडीभाडं सुटून वर चार पैसे राहतात.’’

म्हणजे घाऊक खरेदी करणारा दुकानदार किरकोळ ग्राहकाच्या रांगेत उभा, कारण किरकोळ भाव घाऊकपेक्षा कमी. सगळं शास्त्र त्या रांगेत होतं. एकच कंपनी तोच माल दोन वाटांनी दोन भावांत सोडते, तेव्हा महाग वाटेवरचा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी हरतो.

यावरून आपल्याकडे भांडण झालंही आहे. २०२१ च्या अखेरीस देशभरातल्या वितरकांच्या संघटनेने कंपन्यांना असहकाराचा इशारा दिला, आणि १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला. मागणी एवढीच होती की, मोठ्या कंपन्यांच्या घाऊक दुकानांना आणि ॲपना जो भाव देता तोच आम्हालाही द्या. पेठेतल्या लोकांनी टूथपेस्ट मिळेना म्हणून तेव्हा शेठशी वाद घातले असतील, पण खरा वाद शेठच्या दोन पायऱ्या वर चालू होता.

## बारीक नफा, मोठा गल्ला

साखळ्यांचे हिशेब बघायचे असतील तर डीमार्टचे बघणं सोपं, कारण ती चालवणारी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी २०१७ पासून शेअर बाजारात आहे आणि तिला दर तिमाहीला आकडे जाहीर करावे लागतात. पहिलं दुकान २००२ साली पवईत सुरू झालं. मार्च २०२४ ला दुकानं होती ३६५. त्या वर्षी विक्री ५० हजार कोटींच्या थोडी वर आणि निव्वळ नफा अडीच हजार कोटींच्या आसपास, म्हणजे रुपयामागे पाच पैसे.

पाच पैसे ऐकून लोक म्हणतात, एवढ्याशा नफ्यात चालतं कसं? वडापावच्या गाडीवर चालतं तसं. गाडीवाल्याला एका वड्यामागे फार सुटत नाही, पण त्याची कढई दिवसभर रिकामी राहत नाही. जागा तीच, कढई तीच, माणसं तीच, वडे हजार. डीमार्टच्या दुकानात त्या वर्षी दर चौरस फुटामागे साधारण ३२-३३ हजार रुपयांची विक्री झाली. आपल्या पेठेतलं अडीचशे फुटांचं दुकान धरा आणि रोजचा गल्ला दहा हजार धरा. वर्षाचे साडेछत्तीस लाख झाले, म्हणजे फुटामागे साडेचौदा हजार. निम्म्याहूनही कमी.

डीमार्ट बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत चालवते, त्यामुळे भाडं वाढायची भीती नाही. वस्तूंचे प्रकार मोजके ठेवते. सजावटीवर खर्च नाही, हे तर दिसतंच. शंभर रुपयांच्या विक्रीत माल खरेदीचे पैसे वजा जाता साधारण १५ रुपये हातात राहतात, आणि त्यातले सातच्या आसपास दुकान चालवण्यात जातात.

इथे एक गंमत आहे. आमच्या शेठना कंपनीच्या मालावर आठ-दहा टक्के सुटतात, साखळीला एकूण विक्रीवर पंधरा. स्वस्त विकणाऱ्याला जास्त सुटतं आणि महाग विकणाऱ्याला कमी. ग्रुपवर हे लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून वरच्या मजल्यावर जाऊ या.

## वरचा मजला कशासाठी असतो

तेल, साखर, तूरडाळ, साबण यांचे भाव गृहिणींना तोंडपाठ असतात. म्हणून याच वस्तू सर्वांत स्वस्त ठेवायच्या, भले त्यात काहीच सुटलं नाही तरी. लोक त्यांच्यासाठी येतात. प्लास्टिकचे डबे, टॉवेल, लहान मुलांचे कपडे, कढई, पायपुसणी यांचे भाव मात्र कुणाला पाठ नसतात. नफा तिथे असतो, आणि बऱ्याच दुकानांत किराण्याच्या वाटेवर किंवा वरच्या मजल्यावर नेमका हाच माल मांडलेला असतो.

आमच्या वहिनींचा अनुभव असा, की आठशेची यादी घेऊन गेलं की बाराशेचं बिल होतं. यादीतल्या वस्तूंवर साठ रुपये वाचतात हे खरं, आणि यादीत नसलेलं चारशेचं काहीतरी घरी येतं हेही खरं. शेठच्या दुकानात हा धोका नाही. तिथे आपण काउंटरच्या बाहेर उभे असतो आणि यादी त्यांच्या हातात असते.

पेठेनेही यातून एक गोष्ट ओळखायला हवी होती. धास्ती सगळ्यांत जास्त किराणावाल्यांनी घेतली आहे, पण पहिला फटका भांड्यांच्या, प्लास्टिकच्या आणि स्वस्त कपड्यांच्या दुकानांना बसू शकतो. बंदच्या दिवशी हीच मंडळी ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून मागे मागे होती.

## उधारी ही बँकच आहे

आता दुसऱ्या बाजूचा हुकमी एक्का, उधारी. ‘साखळी उधार देणार का?’ नाही देणार. पण त्या उधारीची किंमत किती, हे मोजून बघितलंय का?

एक पगारदार घर धरा. महिन्याला सहा हजारांचं वाणसामान, खात्यावर, एक तारखेला चुकतं. सामान महिनाभर थोडं थोडं नेलं तर सरासरी पंधरा दिवसांची उधारी झाली. महिना दोन टक्के व्याज धरलं तरी त्याची किंमत साठ रुपये. सुपरमार्केटात पाच टक्के वाचले तर तीनशे. पेट्रोल वजा केलं तरी हिशेब साखळीच्या बाजूने जातो. पगारदार घर जाणार, आणि त्याला बेइमान म्हणण्यात अर्थ नाही.

आता दुसरं घर. रोजंदारी. आज काम आहे, परवाचं माहीत नाही. पन्नास ग्रॅम चहा, पाव किलो साखर, वीस रुपयांचं तेल. आठवडा कोरडा गेला तर शेठ वहीत लिहून ठेवतात. या घराला पाच टक्के सूट मिळून काय उपयोग? पाच किलोच्या पिशवीवरची सूट घ्यायला आधी पाच किलोचे पैसे लागतात. यांच्यासाठी शेठ म्हणजे बिनकागदाची, बिनजामीनदाराची बँक, आणि तिला पर्याय सावकार किंवा बचत गटाच्या नावाखाली दर आठवड्याला दारात येणारा वसुलीवाला.

अडचण पुढे आहे. ही बँक चालते कुणाच्या जिवावर? पगारदार घरांच्या. ते वेळेवर पैसे देतात, मोठी यादी देतात, भावावरून हुज्जत घालत नाहीत. त्यांच्याकडून सुटणाऱ्या पैशावर शेठ रोजंदारीवाल्याला सांभाळून घेतात. चाळीस घरांची सहा-सहा हजारांची खाती असतील, तर शेठचे सरासरी लाख-सव्वा लाख रुपये वहीत अडकलेले असतात. त्यातली पंधरा पगारदार घरं सुपरमार्केटात गेली, तर गेलेल्यांचं काही बिघडत नाही. उरलेल्या पंचवीस घरांची उधारी आखडते. मला या सगळ्या वादात सर्वांत काळजीची वाटते ती हीच गोष्ट, कारण ज्यांचं नुकसान होणार ते ना व्यापारी संघात आहेत, ना व्हॉट्सॲप ग्रुपवर.

## पण पेठा खरंच ओस पडतात का?

याचा अभ्यास झालेला आहे, आणि उत्तरं दोन वेगवेगळी आली.

२००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मुंबईच्या मॉलच्या आसपासच्या छोट्या दुकानांची आणि फेरीवाल्यांची पाहणी छापून आली. किराणा, भाजी, कपडे, चपला, सगळ्यांची विक्री घटल्याचं तिच्यात दिसलं. जवळपास निम्म्यांवर धंदा बंद होण्याची किंवा खूप घसरण्याची वेळ येईल असा निष्कर्ष होता. मुकाबला करायला काही नवं करून पाहणारे फक्त १४ टक्के निघाले.

त्याच वर्षी देशात संघटित साखळ्यांविरुद्ध आंदोलनं पेटली होती. रांचीत भाजीवाल्यांनी रिलायन्स फ्रेशच्या दुकानांवर हल्ले केले, उत्तर प्रदेश सरकारने तर ती दुकानंच बंद करायला लावली. त्याच सुमारास केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने इक्रिअर या आर्थिक संशोधन करणाऱ्या संस्थेला अभ्यास सांगितला. २००८ सालच्या त्या अहवालात म्हटलं होतं, की साखळीच्या जवळच्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटतो, पण काळ जाईल तसा हा परिणाम सौम्य होतो. छोटी दुकानं बंद पडण्याचं एकूण प्रमाण वर्षाला ४.२ टक्के, आणि त्यात साखळ्यांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी १.७ टक्के.

एका अभ्यासात निम्म्यांना धोका, दुसऱ्यात वर्षाला शंभरातली पावणेदोन. कुणाचं खरं? पहिली पाहणी मॉलला खेटून असलेल्यांची आणि थोड्यांची होती. दुसरी मोठी, अनेक शहरांत केलेली होती, पण त्या वेळी साखळ्याच पसरायच्या होत्या. दोन्हींतून मी एवढंच घेतो की पेठ एका रात्रीत मरत नाही आणि फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. शिवाय १.७ टक्के दरवर्षी म्हणजे दहा वर्षांत शंभरातली पंधरा-सोळा दुकानं. आमच्या पेठेत मोजली तर ती एक अख्खी बाजू होते.

## ‘परवानगीच देऊ नका’ असं म्हणता येतं का?

निवेदनातली पहिली मागणी हीच. कायद्यात तिला फारसा आधार नाही. कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे, ते शेठना आहे तसं साखळीच्या भागधारकांनाही आहे. जनहितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण ‘आमचा धंदा बसेल’ हे कारण त्यात बसत नाही.

योगायोगाने यावरचा गाजलेला निकाल टॉकीजचाच आहे. गुजरातेतल्या एका टॉकीजवाल्याने गावात दुसऱ्या टॉकीजला दिलेल्या ना-हरकत दाखल्याला आव्हान दिलं होतं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नवा स्पर्धक आल्याने उत्पन्न घटेल एवढ्यावरून तुम्ही कायद्याच्या अर्थाने बाधित ठरत नाही. स्पर्धा नको हा हक्कच नाही.

‘पण परदेशी कंपन्यांना बंदी आहे ना?’ हा प्रश्न ग्रुपवर तीनदा आला. बंदी नव्हे, अटी आहेत. २०१२ च्या सप्टेंबरात केंद्राने अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला वाट दिली. राज्याची संमती हवी आणि मुख्यतः दहा लाखांवर वस्तीची शहरंच, अशा अटी घातल्या. तेव्हा संमती देणाऱ्यांत महाराष्ट्रही होता. टॉकीजच्या जागेवर येणारी साखळी देशी भांडवलाची आहे, तिला यातलं काही लागू होत नाही.

‘तोट्यात विकून आम्हाला संपवतात आणि मग भाव वाढवतात’ या तक्रारीत मात्र दम असू शकतो. स्पर्धेला संपवण्यासाठी खर्चाखाली विकणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात गैर धरलेलं आहे. पण त्यासाठी आधी दाखवावं लागतं की विकणाऱ्याचं त्या बाजारावर वर्चस्व आहे, आणि किंमत खरोखर त्याच्या खर्चाखाली आहे. शेठच्या खर्चाखाली असून भागत नाही. रांगेतलं तेल शेठना तोट्याचं वाटत होतं, साखळीला ते कितीला पडलं होतं कुणास ठाऊक.

## बाहेरच्या देशांनी काय केलं

फ्रान्सने १९७३ साली कायदा करून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या दुकानांना स्थानिक समितीची मंजुरी सक्तीची केली आणि समितीत व्यापाऱ्यांनाही बसवलं. जपाननेही त्याच सुमारास मोठ्या दुकानांवर असा कायदा आणला आणि २००० साली तो रद्द केला. त्याजागी आलेल्या कायद्यात भर आहे तो रहदारी, आवाज, कचरा यांवर. स्पर्धकाला परवानगी द्यायची की नाही हे आधीच्या स्पर्धकांना विचारलं, तर ते काय सांगणार? जपानला हे कळायला पंचवीसेक वर्षं लागली. आपल्याकडे असा कायदाच नाही, त्यामुळे मुख्याधिकाऱ्यांनी तो वापरावा ही मागणी हवेतली आहे.

## ‘पैसा गावाबाहेर जातो’

साबणाचे पैसे आजही गावाबाहेरच जातात, शेठमार्फत जातात एवढंच. साखळीचा नफा पाच टक्के. गावात काही राहत असेल तर ते पगार, भाडं आणि स्थानिक माल. पगार साखळीही देते, गावातल्या पोरांनाच देते, फक्त शेठच्या दुकानात मालकाचा मुलगा बसतो तिथे गणवेशातला नोकर उभा राहतो. हा फरक छोटा नाही, पण तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

स्थानिक मालाबद्दल मात्र मला बोलायचंय. आमच्या शेठच्या काउंटरवर गावातल्या बेकरीची खारी असते, एका मावशींचं लोणचं असतं, बचत गटाची शेवयांची पाकिटं असतात, शेजारच्या वाडीतला गूळ असतो. त्यांना फळी मिळते कशी? मावशी सकाळी दहा बरण्या ठेवून जातात, शेठ आठवड्याने विकलेल्यांचे पैसे देतात, उरलेल्या परत. कागद नाही, करार नाही. साखळीच्या फळीवर यायचं तर बारकोड हवा, सगळे परवाने-नोंदण्या हव्यात, ठरलेल्या तारखेला ठरलेल्या नगांचा पुरवठा हवा, आणि भाव ठरवणारा माणूस मुंबईत बसलेला. मावशींचं लोणचं तिथवर पोचत नाही. गावात तयार होणाऱ्या वस्तूचं पहिलं दुकान नेहमी गावातलंच असतं. पेठ मोडली तर ही शिडी मोडते. निवेदनात याचा उल्लेखही नाही. कदाचित मावशींना कुणी विचारलं नसेल.

## एकत्र खरेदी करता येते की

भावाचं सगळं रहस्य एकदम खरेदी करण्यात असेल, तर ते आपल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. मुंबईत १९४८ साली सहकारी तत्त्वावर अपना बाजार उभा राहिला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल घाऊकात घेतला जातो आणि गटात वाटून घेतात. ना काच, ना एसी, ना ट्रॉली.

मग पेठेतल्या पंचवीस किराणावाल्यांनी मिळून एक गोदाम का घेऊ नये? मी शेठना विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘‘गोदामाची किल्ली कुणाकडे ठेवायची, तिथेच मीटिंग संपेल.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘एजन्सीवाला पंधरा दिवस थांबतो. गोदामाला रोख लागेल. ती वहीत अडकलीये.’’ उधारी फक्त ग्राहकाला नाही, शेठनाही मिळते, हे माझ्या लक्षात तेव्हा आलं.

## मग निवेदनात काय लिहायचं

नगरपरिषदेच्या हातात खरोखर जे आहे ते लिहावं. ते कमी नाही. दुकान कुणाचं हे ती ठरवू शकत नाही, पण इमारत कशी असावी हे तीच ठरवते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभरासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. कुठल्या रुंदीच्या रस्त्यावर कोणता वापर चालतो, किती क्षेत्राला किती वाहनतळ लागतो, हे तिच्यात आहे. आगीपासून सुरक्षेचा २००६ चा राज्याचा कायदा आहे. हे नियम पाळले नसतील तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला खुली करण्याचा दाखला, अडवता येतो. इथे व्यापारी म्हणून नव्हे, त्या रस्त्यावर राहणारे म्हणून बोलता येतं, आणि १९७५ चा निकाल आडवा येत नाही.

आता आमचा मेन रोड बघा. टॉकीजसमोर दोन रिक्षा आल्या की दुधाची गाडी थांबते. शनिवारी बाजार असतो. तिथे रोज मालाचे ट्रक येणार, ते आवारात वळणार की रस्त्यावरच रिकामे होणार? दिवसा की पहाटे? तळघरातला वाहनतळ कागदावर आहे, तो चालू राहणार की वर्षभरात त्याचं गोदाम होणार? पावसाळ्यात त्याच कोपऱ्यावर गटार तुंबतं, त्याचं काय?

याची उत्तरं मंजूर नकाशात आहेत. माहिती अधिकारात अर्ज केला तर नकाशाची प्रत मिळायला हवी, साधारण तीस दिवसांत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नगरपरिषदेच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडे तो मिळतो. परवा विचारलं तर म्हणाला, टॉकीजच्या जागेसाठी अजून कुणी नेलेला नाही.